दोन गट, एक माहेर

आमच्या घरात पक्ष एकच होता, भांडणं मात्र दोन गटांची. टोपी तीच, झेंडा तोच, बैठकीतल्या तसबिरीसुद्धा त्याच. तरी माझे वडील जुन्या गटाचे आणि सासरे नव्या गटाचे. बरं, सासरे काही परके नव्हते. वडिलांच्या सख्ख्या बहिणीचे ते यजमान. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला फुवा. मी फुईचीच सून झाले, त्यामुळे सासू आणि सून दोघींचं माहेर एक, घर एक, ओसरीही एक.

तापीला मिळणाऱ्या एका नदीच्या दोन काठांवर ही दोन गावं. उन्हाळ्यात नदीला घोट्याएवढं पाणी. कोंबडा आरवला तर दोन्ही गावांना ऐकू जायचा, पण पक्षाच्या नावाने ती नदी दर दोन-चार वर्षांनी दुथडी भरून वाहायची.

पहिल्या मोठ्या निवडणुकीत तिकीट कोणाला मिळावं यावरून वडिलांचं आणि फुवांचं फाटलं. ज्यांच्यासाठी भांडले त्या दोघांनाही तिकीट मिळालं नाही, पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. कित्येक वर्षं येणंजाणं बंद. ना हळदीकुंकू, ना दुखलंखुपलं. त्यात फुईच्या कितीतरी आखाज्या बुडाल्या.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकीच्या महाराष्ट्रात त्या दिवशी सोनं घेतात म्हणे. आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात. लिंबाला झोके बांधले जातात, घरोघर गौराई बसते, आमरसाबरोबर सांजोऱ्या होतात आणि लेकीला कोणी कामाला हात लावू देत नाही. वर्षभर सासरी राबलेली बाई त्या चार दिवसांत पुन्हा पोर होते. आखाजीला लेक आली नाही, तर शेजारणी पदर तोंडाला लावून विचारतात, काही बरंवाईट झालं का म्हणून.

मग फुईने कसं जुळवलं कोण जाणे, माझं तिच्या मुलाशी लग्न ठरलं. तालुक्यात सगळे म्हणाले, समेट झाला. दोन्ही गटांचे पुढारी मांडवात आले, एकमेकांना पान-सुपारी दिली. माझ्या लग्नात मंगलाष्टकं थोडी आणि भाषणं जास्त झाली. नवरी म्हणून मी बसले होते, पण लोक माझ्याकडे मंजूर झालेल्या ठरावाकडे बघावं तसं बघत होते. मला राग आला होता, तरी मी अक्षता झेलत राहिले. नवरीला दुसरं काय करता येतं.

समेट टिकला जेमतेम हळद उतरेपर्यंत. पक्षाच्या तालुका अध्यक्षाची निवडणूक लागली आणि एका खुर्चीसाठी दोघेही उभे राहिले, इकडून फुवा, तिकडून माझे वडील. तालुक्याच्या ठिकाणी, शहाद्याच्या बाजारात, दोघांच्या दोन बैठका, दोन चहाची दुकानं. तिसऱ्याच दुकानात चहा प्यायला तर माणूस संशयित.

आखाजी तोंडावर आली. लग्नानंतरची माझी पहिली. गल्लीतल्या सगळ्या सुनांना न्यायला त्यांचे भाऊ येऊ लागले, आणि मी रोज दारात उभी राहून नदीपलीकडच्या आमच्या घरामागचा लिंब बघत होते. एके दुपारी जेवताना फुवांनी जाहीर केलं, "निवडनूक व्हस तोपावत या घरनं कोनी नदी वलांडानी नही."

माझे यजमान वरणाकडे बघत राहिले. त्यांना वरणात तेव्हा काय दिसलं ते त्यांनी मला पुढे आयुष्यभर सांगितलं नाही. मी आत जाऊन भाकरी अशी थापली की परातीचा आवाज शेजारी गेला. डोळ्यांत पाणी होतं, पण ते रागाचं की रडण्याचं, हे माझं मलाही ठरवता येत नव्हतं. फुई चुलीपाशी बसून शांतपणे लाकूड सारत होती. मला तिचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी फुवा शहाद्याला निघाले. ते पायात वहाणा घालत असताना फुई म्हणाली, "पोर माहेरी नही जास ते नही जास. मंग आपली बाजूकन हुबी ऱ्हावो. नदीवर शिव्या देवाले."

ही आमच्याकडची एक रीत. आखाजीच्या दिवशी गौराई बुडवायला दोन्ही गावच्या बाया नदीवर येतात आणि आपापल्या काठावरून एकमेकींच्या गावाला मनसोक्त शिव्या देतात. नावं घेऊन, हातवारे करून, घशाच्या शिरा ताणून. त्या दिवशी कोणी कोणाचं मनावर घ्यायचं नाही. पुरुषांनी काठावर बसून ऐकायचं, नदीत पाय ठेवायचा नाही आणि मधे बोलायचं नाही. वर्षातला एवढा एकच दिवस त्यांना तोंड बंद ठेवून बसावं लागतं.

माझी जीभ लहानपणापासून तिखट. माहेरी मी चौदा-पंधराची असल्यापासून पहिल्या रांगेत उभी राहायची. फुवांना हे माहीत होतं. प्रतिस्पर्ध्याची लेक आपल्या काठावरून त्याच्याच गटाला झोडपणार, तेही दोन गावांसमोर, या कल्पनेने त्यांचा चेहरा उजळला. एवढा प्रचार पैसे टाकून झाला नसता. ते म्हणाले, "हाई चांगलं शे," आणि मिशीवरून हात फिरवत निघून गेले. नव्या गटाच्या कार्यकर्त्यांना ऐकायला यायचं आमंत्रणही त्यांनी स्वतःच दिलं.

आखाजीला नदीवर जत्रा उसळली. आमच्या काठावर चिंचेखाली फुवा आणि त्यांची माणसं घोंगडी टाकून बसली. समोरच्या काठावर माझे वडील, आणि पाण्याशी बायांच्या पुढे पदर खोचून उभी माझी आई. तिला बघून हाक मारावीशी वाटली. पण रीत ती रीत. फुईने मला कोपराने ढोसलं.

मी ओरडले, "तुमना पुढारीनी टोपी धवाले नदी पुरत नही, तापी बलावा!"

आमचा काठ हसून लोळला. खरं सांगते, समोरचे माझे वडीलही हसत होते, टोपी काढून तिच्याकडे बघत. मग मी एकामागून एक सोडल्या. जुन्या गटाची बैठक म्हणजे म्हशींचं रवंथ, त्यांचा ठराव म्हणजे नासलेलं दूध, जे सुचेल ते. गेल्या कित्येक दिवसांचा राग अंगातून निघून जात होता आणि मला फार मजा येत होती.

आईने मला मन भरून बोलू दिलं. मग कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "तुमना उमेदवारले त्यानी घरनी बाई इचारत नही. तालुका काय इचारी?"

दोन्ही काठ हसले. चिंचेखालची माणसंसुद्धा घोंगडीत तोंड लपवून हसली. फुवा तेवढे हसले नाहीत. आणि त्याच वेळी फुईने लुगड्याचा काष्टा आवरला, माझा हात धरला आणि पाण्यात उतरली.

"फुई, कथा?" मी विचारलं, कुठे निघालीस म्हणून.

"माहेरले."

मागे चिंचेखाली गडबड झाली. फुवा उठले होते, पण नदीत पाय ठेवता येत नव्हता. काठावरून त्यांनी हाक मारली, "ओ, मांगे फिर." फुईने मान वळवली नाही. चालता चालता सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "निवडनूक तुमनी शे. आखाजी मन्ही शे."

पाणी थंड होतं, वाळू पायाखालून सरकत होती. मधोमध आल्यावर ती मला हळूच म्हणाली, "तुले काय मी भाकरी थापाले आनं? मन्हा माहेरनी वाट उघडी ऱ्हावो म्हनीसन सून करी." मला एरवी राग आला असता. त्या दिवशी मी तिचा हात आणखी घट्ट धरला.

वडील पाण्याच्या कडेपर्यंत आले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. बहिणीकडे बघत "उनी व माय," आलीस गं माय, एवढंच म्हणाले आणि टोपीने डोळे पुसले. जुन्या गटाच्या खांबाला रडताना मी पहिल्यांदा बघितलं.

त्या निवडणुकीचं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते. उमेदवाराची बायको आणि सून प्रतिस्पर्ध्याच्या घरी उतरल्या, ही बातमी आमच्या पायांतलं पाणी सुकायच्या आत शहाद्याला पोचली. दोन्ही गटांना वाटलं, मेहुण्या-शालकांनी आतून हातमिळवणी केली. दोघांचीही माणसं फुटली आणि अध्यक्ष झाला एक तिसराच. दोन-चार दिवस दोघे तोंड पाडून होते. मग त्या तिसऱ्याला पाडायचं म्हणून एका बैठकीला बसू लागले, आणि आमच्या घरात कायमचा एकच गट झाला.

पण हे सगळं नंतर. आखाजीचे दिवस सरले तसे फुवा आम्हाला न्यायला आले. दुसरं कोण येणार. घरात चूल पेटवणारं कोणी नव्हतं आणि बाप-लेक दोघांना मिळून भात शिजवता येत नव्हता. दारात बैलगाडी थांबली. वडिलांनी पाणी दिलं, आईने आमरसाची वाटी पुढे केली. फुवांनी ती उभ्या उभ्या संपवली आणि मागच्या अंगणात आले.

लिंबाच्या झोक्यावर फुई उभी होती. केस पिकलेली, घरात सून आलेली बाई, पदर खोचून झोका चढवत होती आणि मी खालून ढकलत होते.

"चालतीस का?" फुवांनी विचारलं.

"झोका थांबना का येस," फुई वरून म्हणाली.

मी फुवांकडे बघितलं. त्यांनी टोपी काढली, लिंबाच्या सावलीत खाली बसले आणि झोका थांबायची वाट बघू लागले. मग मी झोक्याला आणखी एक जोराचा धक्का दिला.