चढाईवरून कोपऱ्यात

मी नववीत असताना वडिलांचा डावा हात बैलाच्या लाथेनं मोडला, आणि त्या दिवसापासून बैलाचा पाय धरायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या घरचा धंदा बैलांच्या खुरांना पत्री ठोकायचा. टोकावड्याच्या पुढे, डोंगराकडे आमची वाडी. तिथून बाबा गावोगाव जायचे. उभ्या बैलाचा मागचा पाय धरून त्यात दोर अडकवायचा, बैल आडवा पाडायचा, चारी पाय एकत्र बांधायचे आणि खुराला लोखंडाची पत्री ठोकायची. हातोड्याचा उजवा हात शाबूत राहिला. पण पाय धरणारा डावा पंजा पुन्हा कधी नीट मिटला नाही. धाकटी बहीण अजून बालवाडीत. मग आई बैलाच्या मानेवर बसायला लागली आणि मी पायाशी.

एक तर ट्रॅक्टरमुळे बैलच उरले नव्हते. जे होते त्यांचे मालक मला बघून तोंड वाकडं करायचे. "पोरगीच्या हातात जनावर देऊ काय मी?" असं तोंडावर बोलून परत फिरायचे. पावसाळ्यात तर कामच नाही. त्या वर्षी आम्ही किती दिवस नुसता भात आणि मीठ खाल्लं ते मला विचारू नका. शाळेत बाजाराच्या दिवशी माझी गैरहजेरी ठरलेली. दुसऱ्या दिवशी बाई सगळ्यांसमोर उभं करून विचारायच्या, "काल कुठे होतीस?" मी म्हणायचे, पोटात दुखत होतं.

बाबांनी मला एकच गोष्ट शिकवली, आणि तीही शिव्या देत. "डोळ्यात नको बघू गो त्याच्या, डोळा फसवतो. मागच्या पुठ्ठ्यावर, कंबरेखाली नजर ठेव. ज्या बाजूचा पुठ्ठा खाली बसला, त्या पायावर भार. भार असलेला पाय त्याला उचलता येत नाय. तोच धर. मोकळा पाय धरलास तर माझ्यासारखी बसशील."

बारावी झाले. मुरबाडच्या कॉलेजात कबड्डीच्या मुलींसाठी हॉस्टेलच्या काही खाटा राखून ठेवलेल्या होत्या. सराव संध्याकाळी, आणि तो संपेपर्यंत आमच्याकडची शेवटची एसटी निघून गेलेली असायची. म्हणजे हिशेब सरळ होता. संघात असेन तर खाट, खाट असेल तर कॉलेज. नाहीतर घर, दोर आणि बैल. आमच्या घरात कॉलेजचं फाटक कुणी आतून पाहिलेलं नव्हतं. मला ते नुसतं पाहायचं नव्हतं, तीन वर्षं पुरी करून बाहेर पडायचं होतं.

हॉस्टेलच्या मुलींनी घरचं विचारलं तेव्हा मी सांगितलं, "आमची शेती आहे." इतकं सहज तोंडातून गेलं की मलाच नवल वाटलं.

पहिलं वर्ष मी चढाई केली. ज्यांनी कबड्डी खेळली नाही त्यांना सांगते, चढाईसारखं सुख नाही. मधली रेषा ओलांडून समोरच्या सात जणींच्या अंगणात एकटीनं घुसायचं, दम तोंडात घोळवत, एखादीला हात लावून परत पळायचं. सगळं मैदान तुझ्याकडे बघतं. मी हलकी होते, चपळ होते. माझ्या पायाला कुणाचा हात लागत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा लोक माझ्याकडे बघत होते आणि माझ्या हातात दोर नव्हता.

दुसऱ्या वर्षी कल्याणकडची एक मुलगी आली. शाळेपासून मॅटवर खेळलेली. माझ्यापेक्षा वेगवान होती, हे मी तेव्हाही मान्य केलं असतं. सरांनी, म्हणजे आमच्या खेळाच्या शिक्षकांनी, मला बाजूला बोलावून एवढंच सांगितलं असतं तरी मी चार दिवस रडून गप्प बसले असते.

त्यांनी काय केलं? सगळा संघ गोल बसवला, खिशातून मोबाइल काढला आणि एक व्हिडिओ लावला.

म्हशाच्या जत्रेतला, तिथल्या बैलबाजारातला होता. दोन दिवस सुट्टी काढून मी आई-बाबांबरोबर गेले होते. नवीन घेतलेल्या बैलांना तिथेच पत्री ठोकून नेतात, वर्षातलं तेवढंच आमचं मोठं काम. कुणी रिकामटेकड्यानं शूटिंग केलेलं. पदर खोचून बैलाच्या मानेवर बसलेली माझी आई. तोंडात खिळे धरलेले बाबा. आणि गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी मागचा पाय आवळलेली मी, केसात गवत, ओढणी कंबरेला.

"बघा," सर म्हणाले, "ही बैल धरते! आणि मी येडा हिला चढाईला पाठवतोय. हिच्या हातातून पोरगी काय सुटणार? आजपासून तू उजव्या कोपऱ्यात."

मोबाइल हातोहात फिरला. एकीनं मागून विचारलं, "अगो, माझ्या बुटाला पण ठोक ना एक पत्री." हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. दुसरी म्हणाली, "शेती कुठाय गो तुझी? खुरावर काय?"

मी म्हटलं, "सर, मी चढाईच करणार."

"चढाईला ती आहे. कोपरा रिकामा आहे. नको असेल तर आत्ता सांग, हॉस्टेलला तसं कळवतो."

हॉस्टेलला कळवतो म्हणजे खाट गेली. मी कोपऱ्यात जाऊन उभी राहिले.

पण त्या रात्रीच ठरवलं. कोपऱ्यात उभी राहीन, पाय धरणार नाही. खेळ ठाऊक असलेला माणूस यावर हसेल, कारण कोपऱ्यातल्या खेळाडूचं कामच ते. चढाई करणारी जवळ आली की खाली वाकून तिचा घोटा पकडायचा. मी कंबर धरायचे, दंड धरायचे, खांदा धरायचे. जी यायची ती मला फरफटत रेषेपर्यंत घेऊन जायची. कोपर सोलले, गुडघे सोलले. सर ओरडायचे, "खाली वाक! खाली!" मी ताठ. वाकले की तो व्हिडिओ पुन्हा सुरू होणार, असंच मला वाटायचं.

आमच्या कॉलेजच्या मैदानावरचा सामना आम्ही माझ्यामुळे हरलो. मी तीनदा बाद झाले, तिन्ही वेळा उभ्यानं. सर जाता जाता म्हणाले, "शहापूरच्या सामन्यात पाय धरलास तर ठीक. नाय तर बॅग भरून ठेव."

शहापूरचा सामना आठ दिवसांवर होता. बॅग मी खरंच काढून बघितली. चेन तुटलेली होती.

त्याच आठवड्यातली एक संध्याकाळ. सराव चालू होता. ती कल्याणची मुलगी चढाईला आली. मला हात लावला, परत गेली. पुन्हा आली, पुन्हा हात लावला. तिसऱ्यांदा माझ्या पुढ्यात पाय नाचवत म्हणाली, "दिसत नाय काय गो तुला? एवढा पुढे केलाय. घे ना! का पत्री आणायला विसरलीस?"

बोलताना दम सुटला होता, म्हणजे नियमानं ती तिथेच बाद. पण शिट्टीची वाट कोण बघतंय. माझं डोकं फिरलं. मी तिच्या डोळ्यात बघतच नव्हते, माझी नजर तिच्या कंबरेवर होती. डावी बाजू खाली बसलेली दिसली आणि मी वाकले. दोन्ही पंजे डाव्या घोट्याभोवती बसले ते असे बसले की ती तोंडावर आपटली. पाय झाडत राहिली. मी सोडला नाही. शिट्टी झाली तरी सोडला नाही. सगळ्या महिन्याचा राग माझ्या बोटांत उतरला होता.

"सोड गो बाय, सोड! झाली शिट्टी!" असं ती मातीत तोंड घालून ओरडली तेव्हा सोडला.

ती उठून बसली. हनुवटी खरचटलेली. मला वाटलं आता शिव्या देणार. ती म्हणाली, "मी तर उजवा पाय नाचवत होते. डावा कसा काय धरलास?"

"भार डाव्यावर होता. पुठ्ठा खाली बसला होता तुझा."

"पुठ्ठा? मला काय बैल समजतेस काय?"

"हो," मी म्हटलं.

तीच आधी हसली. मी हसले नाही. मी तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं, "आमची शेती नाय. आमी पत्री मारतो. बाबांचा हात मोडला तेव्हापासून पाय मी धरते. आता ज्याला काय विचारायचंय ते मला विचारा, मोबाइलला नको."

मग सरांकडे गेले. ते चटईवर बसून चहा पीत होते. मी हात मागे बांधून समोर उभी राहिले.

"सर, माझ्या घरचं तुम्ही असं मैदानात दाखवायचं नव्हतं."

"अगं, कौतुकानं दाखवलं. किती मुलींना जमतं असलं?"

"कौतुक होतं तर मला विचारून दाखवायचं. हसल्या तेव्हा तुम्ही पण हसलात."

"खेळात एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं."

"मी खेळाचं बोलतच नाय, सर. कोपरा तुम्ही दिलात, तो मी खेळेन. पण तो व्हिडिओ काढून टाका. माझी आई आहे त्यात."

त्यांनी चहा संपवला. मोबाइल काढला, काहीतरी दाबलं, "झालं?" म्हणाले. माफी मागितली नाही. मी जागची हलले नाही, तेव्हा स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. मग मी निघाले.

शहापूरच्या सामन्यात मी पाय धरले. पहिला धरला तेव्हा त्यांची उंच, नावाजलेली चढाईपटू माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू जमिनीतून कुणीतरी तिला ओढलं. दुसऱ्यांदा धरल्यावर ती माझ्या बाजूला यायचं टाळायला लागली. कोपऱ्यातून मला एक गोष्ट दिसली जी चढाईत कधी दिसली नव्हती. एकटीनं घुसणारी किती घाबरलेली असते! तिचा श्वास कापत असतो, आणि सात जणींत ती फक्त आपलं अंगण शोधत असते. मीही तशीच दिसत असणार. आम्ही जिंकलो. माझ्या पाच पकडी झाल्या.

परतीच्या गाडीत सर सगळ्यांना सांगत होते, "बघा, मी म्हणालो नव्हतो? नजर लागते खेळाडू ओळखायला." आजही कुठे भेटले तर सोबतच्या माणसाला सांगतात, हिला मी घडवलं. कोपऱ्यात मला त्यांनी उभं केलं, हे खरं आहे. निर्णय बरोबर होता, हेही खरं. पण ज्या तऱ्हेनं उभं केलं त्याचा राग माझा गेलेला नाही आणि मी तो घालवायला बसलेलीही नाही. बरोबर निर्णय माणसाला न सोलताही घेता येतो. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पदव्या आहेत त्यांच्या मुलींच्या घरचे व्हिडिओ कुणी गोल बसवून दाखवत नाही.

बाबांना मी सगळं सांगितलं, व्हिडिओसकट. ते एवढंच म्हणाले, "खिळे तोंडात होते ना माझ्या? मग चेहरा वाकडाच आला असेल."

तिसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत मी उजव्या कोपऱ्यात खेळले. हॉस्टेलची खाट माझीच राहिली. सगळ्या परीक्षा दिल्या, एकही विषय मागे न ठेवता बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी आहे.