देवाकडे पाठ नको

माझी मान किंचित डावीकडे वळलेली असते. फोटोत ती लाडिक दिसते. लग्नाच्या वेळी सासूबाई कौतुकाने म्हणाल्या होत्या, "लाजरी आहे हो." लाजबीज काही नाही. ती मान गिटारने वळवली, आणि गिटारपेक्षाही आमच्या मंडळाच्या गणपतीने.

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते. दिल्लीत मुनिरकाच्या समोर, रस्त्यापलीकडे आमचं क्वार्टर होतं. शेजारचा मुलगा शिकायला परदेशी निघाला, तेव्हा त्याची इलेक्ट्रिक गिटार माझ्या गळ्यात पडली. आतून पोकळ नव्हे, अख्ख्या लाकडाची. बाबांनी ती एकदा उचलून पाहिली आणि म्हणाले, "ही वाजवायची आहे की दाराला अडसर म्हणून लावायची?" मला मात्र ती पहिल्या दिवसापासून जीव की प्राण झाली. कॉलेजातून आले की दप्तर फेकायचं आणि ती उचलायची. जड वगैरे काही वाटत नसे. त्या वयात कसलंच ओझं कळत नाही.

दिल्लीतल्या मराठी माणसांचं सगळं वर्ष गणपतीच्या दहा दिवसांवर टेकलेलं असायचं. मंडळाला भाड्याचा एकच हॉल मिळायचा आणि हॉलला एकच स्टेज. त्यामुळे मागे गणपती आणि त्याच्या पुढे आमचा ऑर्केस्ट्रा. मी गिटार घेऊन गेले तेव्हा अध्यक्ष काका चष्म्यावरून बघत राहिले.

"आरतीला गिटार? अच्छा. चलो, ठीक आहे. पण दोन गोष्टी. देवाकडे पाठ बिल्कुल नको. आणि स्टेजवर खुर्ची नको. देव पाटावर आणि आपण खुर्चीत, कसं दिसेल ते?"

पेटीवाले, तबलजी, गाणारे, सगळे सतरंजीवर तिरके बसायचे. अर्धं तोंड देवाकडे, अर्धं लोकांकडे. बसणाऱ्याचं काय, ढुंगण सरकवलं की झालं. मला साडीत मांडी घालून ती गिटार सावरेना, सारखी घसरायची. म्हणून मी उभी राहायची, स्टेजच्या कडेला, आडवी. गिटारचा अरुंद चामडी पट्टा डाव्या खांद्यावर, लोक डाव्या हाताला, म्हणून मानही डावीकडे. कार्यक्रम संपेपर्यंत तशीच. पाहुणा म्हणून आणलेला एक पंजाबी ड्रमर मला म्हणाला होता, "मैडम, आप भगवान जी से रूठी हैं या हमसे?" सगळे हसले. मीही हसले. पण पुढे घरी सराव करतानाही मी कपाटाच्या आरशासमोर आडवी उभी राहू लागले. सवय व्हायला हवी ना!

बाबांना गाण्यातलं फारसं कळत नसे. पण दर कार्यक्रमाआधी ते स्टेजच्या बाजूला येत, पंच्याची चौपदरी घडी करत आणि माझ्या खांद्यावर पट्ट्याखाली सरकवत. "रुततं गं," एवढंच म्हणत. मग पहिल्या रांगेत जाऊन बसत आणि माझी पाठ देवाकडे वळतेय असं वाटलं की तिथूनच बोट फिरवून खूण करत. एकच माणूस, खांदाही सांभाळणार आणि मानही मोडणार. आमच्या घरचं प्रेम हे असं.

वर्षानुवर्षं हेच चाललं. खांदा भरून यायचा, पाठीत कळ यायची, मी बाम चोळायची. कोणी म्हणे दिल्लीची थंडी, कोणी म्हणे बाळंतपणं, कोणी म्हणे आता वय झालं. गिटारचं नाव कोणी घेतलं नाही. मीही नाही, कारण घेतलं असतं तर ती सोडावी लागली असती. मग एक दिवस नोएडाच्या ऑफिसात डाव्या हातातला चहाचा कप खाली पडला. कप सुटला हे मला आवाजानंतर कळलं. हाताची शेवटची दोन बोटं जागच्या जागी होती, पण माझी नव्हती.

फिजिओथेरपिस्ट तरुण मुलगी होती. तिने मला उभं राहून दाखवायला सांगितलं. मी राहिले, नेहमीसारखी.

"ऐसे? टेढ़े खड़े होकर? किसने कहा था आपको?"

काय सांगणार तिला! तिने मग सगळं समजावलं. पट्टा रुंद हवा. गिटार छातीशी हवी, कमरेशी लोंबकळती नको. अंग आणि मान एकाच दिशेला. मधेमधे गिटार उतरवून ठेवायची. जमेल तेव्हा बसून वाजवायची, पाठीला टेकू, पायाखाली पाट. शक्यतो हलकी गिटार. इतकं सोपं होतं सगळं. मी विचारलं, "उँगलियाँ?" ती म्हणाली, "दर्द कम हो जाएगा. उँगलियों का अब कुछ कह नहीं सकते."

मला भयंकर राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. ज्या मूर्तीला मी कधी पाठ दाखवली नाही, ती दरवर्षी दहाव्या दिवशी यमुनेत विरघळून जायची. माझी मान तेवढी मागे राहिली. आता तर मंडळ गणपती हॉलच्या बाहेर वेगळ्या मांडवात बसवतं. स्टेजवर पोरं हवं तिकडे तोंड करून उड्या मारत वाजवतात. मला आनंद व्हायला हवा. होत नाही.

बाबा आता माझ्याकडेच असतात, नोएडात. उठबस कमी झाली आहे, पण कान शाबूत. खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली की इथून म्हणतात, "आपला नाही हं." यंदा गणपतीच्या आदल्या दिवशी म्हणाले, "उद्या घरच्या गणपतीची आरती तुझ्या गिटारवर होऊ दे. पुढच्या वर्षाचं कोणी सांगावं." मला नाही म्हणता आलं नाही. एवढं एक त्यांना द्यायचं, बस, असं मी ठरवलं. दुपारभर बोटं गरम पाण्यात धरून बसले.

दुसऱ्या दिवशी मी सगळं अगदी शहाण्यासारखं केलं. सरळ पाठीची खुर्ची, पायाखाली पाट, गिटार मांडीवर, पट्टा काढून ठेवलेला. गणपती थेट समोर. सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्याकडे तोंड करून वाजवायला बसले होते.

बाबा भिंतीला धरून धरून आले. हातात पंचा. घडी घालायला त्यांना वेळ लागला.

"बाबा, आता पट्टा नाहीये खांद्यावर."

"असू दे. रुततं गं," म्हणाले आणि घडी माझ्या खांद्यावर ठेवून समोर बसले, हात जोडून, डोळे मिटून.

मी वाजवायला लागले. तर्जनी आणि मधलं बोट आपलं काम करत होती. बाकीची दोन तारेवर नुसती पडत होती, दाबत नव्हती. एखादा सूर लागे, पुढचे दोन ठप्प होत, मग नुसती खरखर. तरी मी थांबले नाही. आरती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली, एकही ओळ न गाळता, आणि हात खाली घेतला.

बाबांनी डोळे उघडले. माझ्याकडे मायेने बघत म्हणाले, "लावून झाली का सुरात? चल, कर मग सुरू."