चार पावलं

लेक इथे हिल्सबरोच्या घरी जुना कृष्णधवल हॉलिवूड संगीतपट बघत होती. नाचणाऱ्या जोडीच्या बुटांची टकटक ऐकली आणि मला ख्राइस्टचर्चचा वॉर्ड आठवला.

नर्स म्हणून माझं पहिलंच वर्ष. खुब्याचं ऑपरेशन झालेले एक आजोबा भीतीने पाऊलच टाकत नव्हते. त्यांच्या बायकोने टॅबलेटवर असाच सिनेमा लावला आणि समोर उभं राहून हात पुढे केले. "ह्याच गाण्यावर नाचायचो ना आपण? चल."

मी आजोबांची कंबर घट्ट धरली होती.

"सोड त्याला, डिअर," त्या मला म्हणाल्या.

मी घाबरत हात काढले. आजोबा तालात चार पावलं चालले.

तेव्हा वाटलं, आजोबा नशिबाने पडता पडता वाचले. आज ठामपणे सांगते, त्यांचा तोल त्या बाईंना माझ्यापेक्षा चांगला माहीत होता. दोघांनी तो जन्मभर मिळून सांभाळला होता.