नुसतं ऐकणारी

मला गाता येत नाही. गिटार येत नाही, की-बोर्ड येत नाही, साधी शिट्टीसुद्धा वाजवता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गळ्यातला क्रॉस दिसला की अमरावतीत माणसं पुढचं सगळं स्वतःच ठरवून मोकळी होतात. शाळेत मॉनिटर निवडताना माझं नाव कोणाला आठवलं नाही, पण संमेलनात स्वागतगीतासाठी मात्र मला न विचारता उभं केलं. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात सीनियर मुलांनी गिटार हातात दिली. मी ती झाडूसारखी धरली, तेव्हा त्यातल्या एकाने मोठ्या मायेने समजावलं की लाजू नकोस, तुमच्या लोकांच्या तर हे रक्तातच असतं. माझ्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, एवढंच मला माहीत होतं.

बरं, चर्चमध्ये तरी सुटका असावी, तर तिथेही नाही. नाताळाच्या आधी आमच्या पाळकीणबाई, म्हणजे पाद्रीसाहेबांच्या पत्नी, क्वायर बसवायच्या. माझा आवाज त्यांनी पहिल्याच सरावात हेरला, तो लपण्यासारखा नव्हताच. पण पप्पा चर्चच्या कमिटीवर, त्यांच्या मुलीला क्वायरमधून काढायचं कसं? मग त्यांनी मला मागच्या ओळीत उंच मुलींच्या आड उभं केलं आणि कानात सांगितलं, बेटा, तू फक्त ओठ हलव. मी हलवले. पांढरा ड्रेस, हातात मेणबत्ती, तोंड उघडतंय आणि मिटतंय, बाहेर मात्र काही नाही. मम्मीने त्याचे फोटो काढून नातेवाइकांना पाठवले. मावशीने तर तो फोटो फ्रेम करून अकोल्याच्या घरात लावला.

पुढच्या वर्षी मी सरावाला गेलेच नाही. नाताळच्या उपासनेला सरळ समोरच्या बाकावर जाऊन बसले आणि आमची क्वायर पहिल्यांदा नीट ऐकली. बरी गात होती. फक्त खालच्या पट्टीच्या दोन मुली घाबरून वरच्या पट्टीच्या मुलींमागे पळत होत्या आणि अर्ध्या कडव्यानंतर सगळ्याजणी एकच सूर गात होत्या. हे मी पाळकीणबाईंना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, तुला गं काय कळतं. पण पुढच्या रविवारी त्या दोघी लांब उभ्या दिसल्या.

तेव्हापासून मी उघडपणे ऐकणारी झाले. आमच्याकडे फॅन हा शब्द सिनेमातल्या हिरोसाठी राखून ठेवलेला आहे. गाण्याची फॅन म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, मग म्हणून दाखव. आंब्याची आवड आहे म्हटल्यावर कोणी झाडावर चढून दाखव म्हणतं का? मी ऐकते, बस. दुकानात जाताना, भांडी घासताना, बडनेरा स्टेशनवर गाडीची वाट पाहताना. ईशान्येकडचा एक बँड आहे, तो देवाची गाणी अशी म्हणतो की घरातल्या खिडकीच्या काचा थरथरतात. ती गाणी मी पहिल्यांदा मोबाईलवर ऐकली तेव्हा मम्मीला वाटलं मिक्सर बिघडला. मला मात्र वाटलं की इतकी वर्षं चर्चमध्ये ज्याची स्तुती आपण दबकत दबकत करत होतो, त्याच्याशी कोणीतरी शेवटी मोकळेपणाने बोलतंय.

तो बँड नागपूरला आला तेव्हा मी एकटी गेले. शहराबाहेरचं लॉन, धुळीत उभी असलेली पोरंपोरी, नर्सिंगच्या मुली, पाळक व्हायचं शिक्षण घेणारे दोघं-तिघं, आणि देवाधर्माशी काही देणंघेणं नसलेली काळ्या टी-शर्टवाली मुलं. मी स्पीकरच्या इतकी जवळ उभी होते की ड्रमचा ठोका आधी छातीत आणि मग कानात येत होता. मी रडले, नाचले, शेजारच्या अनोळखी मुलीच्या खांद्यावर डोकं ठेवलं. काळा टी-शर्ट विकत घेतला, तो घालूनच सकाळच्या गाडीने परतले. मम्मी दारातच उभी होती. गाता येत नाही, वाजवता येत नाही, मग तिथं जाऊन करतेस तरी काय, असं तिने विचारलं. उभी राहते, म्हटलं. तिला ते उद्धट वाटलं. मी तर खरं तेच सांगितलं होतं.

मला एकाच प्रकारचं गाणं चालतं असंही नाही. आंबेडकर जयंतीला इर्विन चौकात गाणी ऐकायला मी जाते, उरुसातली कव्वालीही ऐकते. आमच्या चर्चमधल्या एका वडीलधाऱ्यांनी मला तिथे पाहिलं आणि तरुण संघाच्या बैठकीत सगळ्यांसमोर विषय काढला. काळे कपडे, कर्कश आवाज, परक्यांचे कार्यक्रम, मुलगी हातातून चालली, वगैरे. देव शांत आवाजात बोलतो म्हणे. मी उभी राहिले आणि म्हटलं की देवाला मोठ्या आवाजाचं वावडं असतं तर त्याने ढग गडगडवले नसते. आणि तुमच्या मुलाच्या लग्नात डीजेवर काय वाजत होतं, ते इथे म्हणून दाखवू का? मला म्हणता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे हसू जास्तच आलं. कमिटीतर्फे येऊन बसलेले पप्पा मात्र हसले नाहीत.

नोकरीचं म्हणाल तर मी राजापेठेत एका चष्म्याच्या दुकानात आहे. काउंटर सांभाळते, नंबर घेते, फ्रेम गिऱ्हाइकाच्या नाकावर बसते की नाही ते बघते. आमच्या मालकांशी माझा सरळ करार आहे. दिवाळीत सगळे घरी पळतात तेव्हा दुकान मी सांभाळायचं, आणि कॉन्सर्ट असेल त्या शनिवारी मला सुट्टी द्यायची. आजवर दोन्ही बाजूंनी कोणी शब्द मोडलेला नाही. पण ही नोकरी घरच्यांच्या लेखी नोकरीच नव्हती. पदवीधर मुलगी लोकांच्या काचा पुसते, हे मम्मीला चर्चच्या पायरीवर कोणाला सांगवत नव्हतं.

म्हणून मावशीने अकोल्याची ती नोकरी काढली. मावशी तिथल्या एका खाजगी दवाखान्यात सिस्टर आहे. एका इंग्रजी शाळेच्या सेक्रेटरींची आई तिच्या वॉर्डात होती, मावशीने म्हातारीची मनापासून सेवा केली, आणि बोलता बोलता माझा विषय निघाला. शाळेला संगीत शिक्षिका हवी होती. पगार बँकेत, उन्हाळ्याची सुट्टी, पुढे कायम होण्याची आशा. भाची ख्रिश्चन आहे एवढं ऐकून सेक्रेटरी म्हणाले, मग प्रश्नच मिटला. मावशीने माझा तो मेणबत्तीवाला फोटोही त्यांना दाखवला. मला गाता येत नाही, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. तिला ते महत्त्वाचं वाटलं नाही.

मी गेले. खोटं कशाला सांगू, मलाही ती नोकरी हवीशी वाटली होती. अकोल्याच्या गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत मी मनात बेतसुद्धा आखला की गिटारचे चार कॉर्ड शिकून घेऊ, मोबाईलवर सगळं मिळतं, लहान मुलांना पुरेल.

शाळेत मला ऑफिसबाहेरच्या बाकावर बसवलं. समोरच्या वर्गातून पेटीचा आवाज येत होता आणि मुलं प्रार्थना म्हणत होती. मध्येच पेटी थांबली. मुलं तशीच गात राहिली. आता घसरणार, मी मनात म्हटलं. लहान मुलांचा सूर पेटी सोडली की हळूहळू खाली येतो, दर रविवारी संडे स्कूलमध्ये मी ते ऐकते. कडवं संपत आलं तेव्हा शिकवणाऱ्याने पेटीवर एकच सूर दाबला. मुलं नेमकी त्याच सुरावर उभी होती. एवढी चाळीस-पन्नास पोरं, आणि एकही केसभर हललेलं नाही. माझ्या अंगावर काटा आला. यासाठी मी नागपूरपर्यंत गेले असते, उभ्याने गेले असते. शिपायाला विचारलं तर तो म्हणाला की आमचे पेटीवाले सर आहेत, जुने आहेत.

सेक्रेटरी वाईट माणूस नव्हते. त्यांनी चहा मागवला, मावशीचं कौतुक केलं, त्यांच्या आईचं दुखणं सांगितलं. मग म्हणाले की पालकांना आता पेटी नको आहे, गिटार पाहिजे, इंग्रजी गाणी पाहिजेत, आणि त्यात तुमच्या समाजाचा हात कोणी धरू शकत नाही. आम्हाला मोठा मान देतोय असंच त्यांना वाटत होतं.

"मला गाता येत नाही, सर. वाजवताही येत नाही," मी म्हटलं.

ते हसले. मी विनय दाखवतेय असं त्यांना वाटलं. मी पुन्हा तेच सांगितलं, तेव्हा ते जरा पुढे झुकले. "अवो मॅडम, मोबाईलवर लावाचं अन् लेकराइले नाचवाचं. गिटार गयात असली म्हनजे झालं. इथं कोनाले कयते?"

"मला कळतं," मी म्हटलं.

आणि पेटीवाल्या सरांचं काय, असं मी विचारलं. सत्र संपेपर्यंत त्यांना लायब्ररीत बसवू, ते म्हणाले, मग पाहू. घाई करू नका, संध्याकाळी मी सिस्टरांना फोन करतो, असं म्हणून त्यांनी मला दारापर्यंत पोचवलं. त्या वर्गात तेव्हा इंग्रजीचा तास सुरू झाला होता.

मावशीच्या घरी पोचले आणि मी काही बोलायच्या आधीच तिने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. ती ड्युटीवरून आली होती, पांढरी साडी अजून बदललेली नव्हती, आणि कांदे घेऊन विळीवर बसली होती. मी सगळं सांगितलं. तिने डोक्याला हात लावला.

"तुले येत नाई हे त्याले सांगाचं कायले?" ती म्हणाली. "मले कोनी विचारलं होतं का? बारावी झाली अन् पाळकसायबांनी फॉर्म आनून देला. ख्रिश्चन पोट्टी म्हनजे नर्सिंग. पयल्या वर्सी मी रक्त पाहून रोज ओकत होती. मंग शिकली ना? तूबी शिकशीन."

"तुले त्यांनी खरंच शिकवलं, मावशी. मले कोनी शिकवून नाई राहिलं. गयात गिटार अडकवून उभी करून राहिले फक्त."

ती म्हणाली की तू नाही गेलीस तर दुसरी येईल, त्या मास्तरला तर ते काढणारच आहेत. हे खरं होतं, मलाही ते माहीत होतं. मी म्हटलं काढू देत, माझ्या नावाने नको. तिने माझ्या आईची काळजी, पप्पांची मान खाली जाणं, तिने टाकलेला शब्द, सगळं एकेक करून पुढे मांडलं. मी कशालाच मान डोलावली नाही. मला कोणावर उपकार करायचे नव्हते की त्या सरांना वाचवायचं नव्हतं. मला एवढंच म्हणायचं होतं की या एका गोष्टीत मी खोटं वागणार नाही. बाकी शंभर गोष्टींत वागते, बसमध्ये विंडो सीटसाठीसुद्धा खोटं बोलते. गाण्यात नाही.

मग मी तिला विचारलं, "तुले काय व्हायचं होतं?"

विळीवरचा हात थांबला. "कोनी विचारलंच नाई," ती म्हणाली, "तं मी कायले ठरवून ठेवू?"

तेवढ्यात फोन वाजला. सेक्रेटरीच होते. मी फोन घ्यायला हात पुढे केला, म्हटलं मी बोलते, तुझ्यावर नको. तिने माझा हात बाजूला सारला आणि हात ओले म्हणून फोन स्पीकरवर टाकला. आधी तिने त्यांच्या आईच्या पायाची सूज उतरली का ते विचारलं, रात्री पाय उशीवर ठेवायला सांगितलं. मग त्यांनी विचारलं की सोमवारपासून भाचीला पाठवता ना.

"नाई येत ती," मावशी म्हणाली.

काही अडचण आहे का, त्यांनी विचारलं. घरचं काही, पगाराचं काही?

"अडचन काई नाई. तिले नाई म्हनायचं हाय."

पुन्हा विचार करायला सांगा सिस्टर, अशी संधी परत येत नाही, ते म्हणाले. मावशीने पुढचा कांदा उचलला.

"केला तिनं विचार," ती म्हणाली. "मी नवता केला. मंग आयुष्यभर लोकाइले सुया टोचून राहिली. आईच्या गोया टायमावर द्या, ठेवते."

फोन ठेवल्यावर तिने जाहीर केलं की यापुढे अख्ख्या अकोल्यात ती माझ्यासाठी कोणाकडे शब्द टाकणार नाही. मी म्हटलं नको टाकूस. एवढं म्हटलं आणि मी मनगटाने नाक पुसलं. माझ्या बाजूने असं कोणी बोललेलं मी आजवर कधी ऐकलं नव्हतं, आणि तेही तिच्या तोंडून. तिने मान वर केली नाही.

"कांदा मी कापून राहिली," ती म्हणाली, "अन् रडून तू राहिली."