मोजणी बरोबर आली

सत्यशीला भित्री आहे हे आमच्या बाभुळगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरीही चौदा बायांना घेऊन परदेशी जायला आम्ही तिलाच निवडलं. यात आमची अक्कल किती होती ते मी सांगणारच आहे, कारण निवडणारा मीच होतो. मी बबनराव, निवृत्त मुख्याध्यापक आणि विहाराच्या समितीचा सचिव. चाळीस वर्षं पोरांचे कान धरले, त्यामुळं आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता.

मुलगी हुशार. अमरावतीला भूगोलात एम. ए. करत होती. जगाचा नकाशा हातानं काढून दाखवायची, पण एसटी नेरच्या पुढं गेली की ही कंडक्टरला परतीची गाडी विचारायची. मी चिडवायचो, "अवो भूगोलाच्या बाई, पृथ्वी गोल हाये. कुठीबी गेली तरी बाभुळगावलेच परत येशीन." ती कसनुसं हसायची आणि पिशवी छातीशी धरून गाडीत बसायची.

ती जन्मापासून अशी नव्हती. कापसाची ती वाईट वर्षं. तिचा बाप मारोती लोकांचा कापूस मेटॅडोरमध्ये भरून यवतमाळच्या खरेदी केंद्रावर न्यायचा. ती बारावीत असताना एकदा तो सकाळी गेला तो त्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. एरवी लोक म्हणाले असते, रांगेत अडकला असेल. पण तेव्हा माणूस जेवायच्या वेळी घरी दिसला नाही तर लोक आधी विहिरी बघायला निघत. आम्हीही निघालो. मीच पुढं होतो. गावाबाहेरच्या तीन विहिरींत गळ टाकले, आणि प्रत्येक वेळी गळ वर येताना ही पोरगी काठावर उभी राहून बघत होती. तिला घरी न्यावं हे कोणाला सुचलं नाही. मलाही नाही, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

तिसऱ्या दिवशी मारोती आला. दाढी वाढलेली, हातात फुटाण्यांचा पुडा. गाड्यांची रांग पार लोहाऱ्यापर्यंत गेली होती, एवढंच झालं होतं. सगळे हसले. सत्यशीला मात्र तेव्हापासून माणसं मोजायला लागली. घरात जेवायला बसली की मोजायची, वर्गात मोजायची, एसटीत मोजायची.

कॉलेजची सहल चिखलदऱ्याला गेली तेव्हा बाकीच्या पोरी दरीच्या काठावर ओरडून आपलाच आवाज ऐकत होत्या, आणि ही मागं उभी राहून पोरी मोजत होती. अजिंठ्याला जाऊन आली तेव्हा मी विचारलं, "चित्रं पाह्यली का नाई?" तर म्हणाली, "पाह्यली ना सर. पण लेण्यांत अंधार होता, कोण मांगं राह्यलं ते समजेच नाई." असं असूनही दर वर्षी सहलीच्या यादीत हिचं नाव पहिलं. मी एकदा वैतागून म्हटलं, "इतकं भेव वाटते तर जातं कायले?" ती म्हणाली, "नाई गेली तर भेव अजून वाढते सर."

हे उत्तर मला फार आवडलं. म्हणून दोन हजार सात साली, वेचणी संपल्यावर, महिला मंडळाची सहल लुंबिनीला न्यायचं ठरलं तेव्हा मी तिचं नाव पुढं केलं. लुंबिनी नेपाळात, म्हणजे परदेश. नेपाळला परदेश म्हणायचं का यावर समितीत अर्धा तास वाद झाला, पण ज्या बायांनी जन्मात वर्धा नदी ओलांडली नाही त्यांच्यासाठी तो पक्का परदेश होता. मी स्वतः जाणार होतो, पण नेमकं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. हिंदी-इंग्रजी येणारी, नकाशा समजणारी सत्यशीलाच उरली.

चौदा जणींत मानीबाई होती. साठीच्या पुढची, जन्मभर कापूस वेचणारी. कंबर वाकलेली, पण ओळीला लागली की तरण्या बायांना मागं टाकायची. तिची लेक उर्वशी तिला पाठवायला तयार नव्हती. "माय कुठी हरपली तर मी कोणाले पुसू?" असं तिनं विहारात सगळ्यांसमोर विचारलं. सत्यशीला उठली. "मले पुस," म्हणाली. "मी हात धरून नेतो आन् हात धरून आणतो." भित्र्या माणसानं दिलेला शब्द होता तो, त्यामुळं उर्वशीचा चटकन विश्वास बसला.

मी दोन सूचना दिल्या. पहिली, सगळ्यांच्या पांढऱ्या साड्या एकाच ताग्यातल्या घ्यायच्या, म्हणजे गर्दीत आपली माणसं ओळखू येतील. दुसरी सत्यशीलाला. "गाडी हलायच्या आंदी मोजायचं. चौदा भरले तरच गाडी सोडायची." ती म्हणाली, "ते काय सांगा लागते सर!"

नागपूरहून रेल्वेनं गोरखपूर, तिथून भाड्याची बस, सोनौलीची सरहद्द आणि मग लुंबिनी. तिथं पोचल्यावर माझ्या पहिल्या सूचनेची काय किंमत होती ते कळलं. नागपूर, नांदेड, गुलबर्गा, कुठून कुठून बस आल्या होत्या, आणि झाडून सगळ्या बाया पांढऱ्या साडीत. फुटलेल्या कापसाचं वावर असावं तसं ते सगळं आवार दिसत होतं, असं विमलताई सांगायची. विमलताई म्हणजे मंडळाची अध्यक्ष, घशानं खणखणीत आणि प्रवासात ओकणारी.

दुपारी दोनला निघायचं होतं. सत्यशीलानं हाका मारून बाया गोळा केल्या, बसमध्ये चढवल्या आणि दारापासून मागच्या बाकापर्यंत मोजल्या. चौदा. तिचं समाधान झालं नाही. मागून पुढं पुन्हा मोजल्या. चौदाच. कोणी पदर तोंडावर घेऊन झोपली होती, कोणी खिडकीला डोकं टेकलं होतं. तिनं ड्रायव्हरला हात केला.

तासाभरानं गाडी सरहद्द ओलांडून सोनौलीत चहाला थांबली. शेवटच्या बाकावरची बाई जागी झाली, तिनं पदर बाजूला केला, इकडंतिकडं पाहिलं आणि किंकाळी फोडली. ती आमची नव्हती. बाई कानडी बोलत होती. तिच्या बोलण्यातला आमच्या बायांना एक शब्द कळेना, पण आपली गाडी चुकली हे तिला कळलेलं सगळ्यांना कळलं. आणि मग विमलताई ओरडली, "अवो माय, मंग मानीबाई कुठी हाये?"

सत्यशीला मला सांगत होती की त्या क्षणी तिला काही ऐकू येईनासं झालं. बायांची तोंडं हलत होती, ड्रायव्हर काही सांगत होता, आणि तिला फक्त विहिरीत गळ आपटल्याचा आवाज येत होता. मानीबाईला हिंदी येत नव्हतं. तिच्याजवळ ना पत्ता होता ना फोन. ओळखपत्रांची पिशवी सत्यशीलाच्या खांद्यावर होती. शिस्त म्हणून ती पिशवी एकाच ठिकाणी ठेवायला मीच सांगितलं होतं.

ड्रायव्हर म्हणाला, गाडीचा परवाना एका फेरीचा होता, आता पुन्हा आत जाता येणार नाही. पलीकडून जीप करावी लागेल. सत्यशीलानं तेरा बाया विमलताईच्या हवाली केल्या. "इथून कोणी मुतालेबी उठायचं नाई," असं ती ओरडली म्हणे. या मुलीच्या तोंडून असा शब्द कोणी कधी ऐकला नव्हता. मग तिनं त्या कानडी म्हातारीचं मनगट धरलं आणि सरहद्दीच्या कमानीकडं चालायला लागली.

कमानीखाली शिपायानं अडवलं. सत्यशीलानं स्वतःचं ओळखपत्र दाखवलं. त्यानं म्हातारीकडं बोट केलं. म्हातारीचं सामान, कागद, सगळं तिच्या मंडळीकडं. सत्यशीलानं हिशेब केला. खरं सांगितलं तर हा दोघींना बसवून ठेवणार, वरिष्ठाला बोलावणार, तास दोन तास जाणार, आणि तिकडं मानीबाई एकटी. तिनं पिशवीत हात घातला आणि मानीबाईचं ओळखपत्र काढून पुढं केलं. "मेरी नानी है," म्हणाली. जन्मात पहिल्यांदा ती सरकारी माणसाशी खोटं बोलत होती. शिपायानं फोटो पाहिला, म्हातारीकडं पाहिलं. सुरकुतलेला चेहरा, पांढरा पदर. त्यालाही त्या सगळ्या सारख्याच दिसल्या. "जाओ," म्हणाला.

जीपमध्ये सत्यशीलाला कानडी येईना, म्हातारीला मराठी कळेना. सत्यशीलानं भीतीनं पालीतलं त्रिसरण म्हणायला सुरुवात केली आणि म्हातारीनं पुढची ओळ उचलली. पूर्ण रस्ताभर दोघी तेच म्हणत होत्या, एकमेकींचे हात इतके घट्ट धरून की सत्यशीलाच्या मनगटावर नखांचे वण चार दिवस राहिले.

लुंबिनीच्या फाटकावर गुलबर्ग्याची मंडळी रडत उभी होती. त्यांनी म्हातारीला उचलूनच घेतलं. कोणी सत्यशीलाचे पाय धरायला आलं, कोणी शिव्या दिल्या. तिनं दोन्हीकडं लक्ष न देता आत धाव घेतली.

आत पांढऱ्या साड्याच साड्या. ती एकेकीपुढं जाऊन तोंड बघायला लागली. पाठमोरी असेल तर खांदा धरून वळवायची, झोपली असेल तर पदर उचलायची. एकीनं तिला चापट मारली. ऊन कलायला लागलं, लोक परत निघाले आणि गर्दी पातळ होऊ लागली. गर्दी कमी होत होती तसा तिचा धीर सुटत गेला, कारण उरलेल्यांत मानीबाई दिसत नव्हती. आवारात एक पुष्करणी आहे. सत्यशीला तिच्या काठाशी आली आणि पाण्यात बघायचं तिचं धाडस होईना. ती डोळे मिटून उभी राहिली, असं तिनं मला सांगितलं. मग उघडले आणि पाहिलं. पाण्यात झाडाची सावली होती, दुसरं काही नव्हतं.

मानीबाई पलीकडच्या भिंतीच्या आडोशाला बसली होती. तिची ओटी पिंपळाच्या पानांनी टरारून फुगली होती. कापूस वेचायला बायका पदराची ओटी करतात तशीच. मोहल्ल्यातल्या घरटी एक पान न्यावं म्हणून ती गळलेली पानं वेचायला लागली होती, चांगलं तेवढं घेत, किडकं टाकत. एकदा ओळीला लागली की मान वर करायची नाही ही तिची जन्माची सवय. मान वर केली तेव्हा बस गेली होती.

तिच्यापुढं भिंतीला धरून मेणबत्त्यांची रांग जळत होती. बाभुळगावहून आणलेली दोन्ही पाकिटं तिनं संपवली होती.

"मावशी!" सत्यशीला ओरडली.

मानीबाईनं वर पाहिलं आणि ती मागं सरकली. भिंतीला पाठ लागेपर्यंत सरकली. सत्यशीला जवळ बसली तेव्हा तिनं हात पुढं करून हिचा गाल चाचपला, नाक चाचपलं, कान ओढला.

"तू जित्ती हायेस?"

"हाव मावशी. मी हाये ना."

"बाकीच्या?"

"साऱ्या हायेत. सोनौलीत बसल्या हायेत, चाहा पिऊन राह्यल्या."

"गाडी उलथली नाई?"

"नाई वो."

"मले वाटलं, गाडीले कायी झालं आन् साऱ्या मेल्या," मानीबाई म्हणाली. "जित्त्या असत्या तर मले सोडून कायले गेल्या असत्या? तू त हात धरून आणतो म्हणे."

आपण दोनदा मोजलं होतं, हे सत्यशीलाला सांगवेना. ती रडायला लागली.

मानीबाईनं तिला रडू दिलं. मग ती गुडघ्यावर आली आणि रांगेच्या पहिल्या टोकापासून मेणबत्त्या विझवायला लागली. "जित्त्या माणसाची बत्ती कायले जाळा लागते," असं पुटपुटत. प्रत्येकीला फुंकर मारण्याआधी नाव घेत होती. "हे विमलची. हे कौसल्याची. हे दीपाची." एकही नाव अडलं नाही. तेरा विझवून झाल्यावर चौदावी तिनं तशीच सोडली आणि शेवटची, पंधरावी विझवली. "हे डायवरची. नाव नाई मालूम मले बिचाऱ्याचं."

सोडलेली ती एक जळत राहिली होती. मानीबाईनं तिच्याकडं बोट केलं.

"हे तुयी. तुयी तू इझव."

सत्यशीला वाकली. पहिल्या फुंकरीत ज्योत नुसती हलली. मानीबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या फुंकरीत विझली.