शिळी बारी चालणार नाही

आमच्या घरमालकांना, म्हणजे आबांना, रेकॉर्डिंग या गोष्टीचा मनापासून राग. "झालेली बारी कसली बगायची? शिळं अन्न न्हाई खाल्लं आमी कधी, आन शिळी बारी बगू?" असं म्हणून ते मोबाइल उपडा करून गादीवर टाकायचे. बारी म्हणजे बैलगाडा शर्यतीतली एक धाव. चार बैल जुंपलेला हलका गाडा घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या मातीच्या धावपट्टीच्या, चढावर सोडायचा, बारा-तेरा सेकंदांत वर पोचला की विषय संपला. या बारा-तेरा सेकंदांसाठी महाळुंग्याच्या आसपासची माणसं वर्षभर बैलांना दूध पाजतात. मी लातूरकडचा. आमच्याकडं बैल सकाळी औताला जुंपतात आणि संध्याकाळी सोडतात. त्यामुळं इथं भाड्यानं राहायला आलो तेव्हा मला हा सगळा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटला होता. तसं मी एकदा बोललोसुद्धा, आणि आबांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. शेवटी माईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मध्ये पडून ते मिटवलं.

वरच्या खोलीत मी आणि माझा कोकणातला जोडीदार राहायचो. दोघंही चाकणच्या एकाच कंपनीत मेंटेनन्सला. त्याच्याकडं चांगला विंडोजचा लॅपटॉप, माझ्याकडं कंपनीच्या भंगारातून उचललेला जुना कॉम्प्युटर. त्यावर विंडोज टाकलं की तो दम लागल्यासारखा घरघरायचा, म्हणून मी लिनक्स टाकलं. त्यावरून जोडीदार मला रोज डिवचायचा. "भावा, तुझ्या त्या डब्यावर काही चालतं का रे, की नुसती ठेवायची फुलदाणी?"

चालायचं की. सगळं चालायचं. नारिंगी शंकूवाला प्लेअर तर माझा जीव की प्राण. कसलीही फाइल द्या, अर्धवट उतरलेली द्या, कुठल्या तरी जुन्या कॅमेऱ्यातली द्या, तो नाक मुरडत नाही. घरी आलेल्या पाहुण्याला जे असेल ते गोड मानून खाताना बघितलं की बरं वाटतं, तसं मला त्याच्याकडं बघून वाटतं. जोडीदाराचं लाडकं सॉफ्टवेअर वेगळं. गोल काळ्या चिन्हाचं, थेट प्रक्षेपणाचं. सुट्टीच्या दिवशी तो त्याच्यावर गल्लीतल्या क्रिकेटच्या मॅचेस दाखवायचा. एक कॅमेरा, कोपऱ्यात स्कोअर, खाली आवाजाच्या हिरव्या-पिवळ्या पट्ट्या नाचताहेत, आणि हा गडी मोठ्या स्टुडिओत बसल्याच्या थाटात.

एकदा सहज दोन्ही सॉफ्टवेअरांच्या हेल्पमध्ये जाऊन बघितलं, तर दोन्हींच्या खिडक्या, बटणं, मेनू एकाच टूलकिटवर, म्हणजे एकाच तयार सांगाड्यावर, बांधलेले. माझा नकाशांचा प्रोग्रामही त्याच टूलकिटवरचा, आणि आकाशातले तारे दाखवणाराही. मला इतका आनंद झाला की मी झोपलेल्या जोडीदाराला हलवून उठवलं. आता हे चाकणच्या माणसाला वेगळं समजवायला लागत नाही. एकाच चॅसीवर इथं किती तऱ्हेच्या बॉड्या चढतात हे आम्ही रोज बघतो. विंडोजचा रस्ता असो, लिनक्सचा असो, चॅसी तीच, गाडी धावणार. ती बनवणारी माणसं कुठं बसून बनवतात कोण जाणे, आणि वापरायला कुणाकडं परवानगी मागावी लागत नाही. मला त्या अनोळखी लोकांबद्दल खरंच माया वाटते. जोडीदार फक्त "याच्यासाठी उठवलंस?" म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

त्या वर्षी दिवाळीनंतर आबांना लकवा मारला. डावं अंग गेलं. बोलणं परत आलं, पण चालणं काही आलं नाही. चाकाच्या खुर्चीतून खिडकीशी आणि खिडकीपासून गादीवर, एवढंच जग उरलं. आणि चैत्रात ओढ्यापलीकडच्या घाटात यात्रेच्या शर्यती आल्या. आबांच्या जोडीतला थोरला बैल आता वयाला आला होता. ही त्याची शेवटची बारी, पुढच्या वर्षापासून नुसता दावणीला, हे घरात ठरलं होतं. आबांनी त्याला वासरू असल्यापासून वाढवलेला. त्यांनी मुलाकडं धोशा लावला, मला खुर्चीसकट उचलून न्या. डॉक्टरांनी ऊन, धुरळा आणि गर्दी, तिन्हींना सक्त मनाई केलेली. दादा, म्हणजे त्यांचा मुलगा, बधला नाही. आबा दोन दिवस धड जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी माई वर आमच्या खोलीत आल्या. कधी येत नाहीत. दारातच उभं राहून म्हणाल्या, "पावणं, तुमचं ते पेटीतलं काय ते हाय ना, त्यात घाट दिसंल का? म्हातारं लई हट्टाला पेटलंय." जोडीदारानं छाती फुगवून सांगितलं, माई, दिसंल म्हणजे? समोर बसल्यासारखा दिसंल.

यात्रेच्या पहिल्या दिवशी परगावच्या गाड्यांच्या बाऱ्या होत्या, आमची दुसऱ्या दिवशी. जोडीदार लॅपटॉप आणि कॅमेरा घेऊन निवेदकांच्या मंचावर बसला, मी माझा डबा आबांच्या खोलीत मांडला. चित्र आलं. स्वच्छ, रंगीत. आबा पुढं वाकले. पडद्यावर माणसं अजून बैल जुंपत होती, आणि तेवढ्यात मागच्या खिडकीतून भोंगा कडाडला. बारी झाली, इतके सेकंद, पहिला नंबर, आणि लोकांच्या शिट्ट्या. पडद्यावर अजून जुंपणीच चाललेली. अर्ध्या मिनिटानं तिथले बैल पळाले.

काय गाढवपणा केला ते माझ्या लगेच ध्यानात आलं. घाट घरापासून हाकेच्या अंतरावर. आणि आम्ही ते चित्र ओढ्याच्या त्या काठावरून उचलून, कुठल्या देशातल्या सर्व्हरला फिरवून, परत ओढ्याच्या या काठावर आणत होतो. मुंबईत बसून बघणाऱ्याला हे जन्मात कळलं नसतं. आम्हाला मागच्या खिडकीनं पकडलं.

आबा शांतपणे म्हणाले, "पावणं, हे शिळंच हाय की. नुस्तं गरम करून वाढलंया."

मला असा राग आला म्हणून सांगू. आबांचा नाही, स्वतःचा, आणि समोर होता म्हणून जोडीदाराचा. तो घरी आल्याबरोबर मी त्याच्यावर सुटलो. "समोर बसल्यासारखं म्हणलास ना? तोंड वर करून म्हणलास ना? आता जा आणि भोंग्याला सांग दम धरायला." तोही काही ऐकून घेणारा नाही. त्यानं माझ्या डब्याचा, लिनक्सचा आणि लातूरचा उद्धार केला. भांडून झाल्यावर दोघं गच्चीवर गेलो. खालच्या खिडकीतून झाडांआड जाणारा घाट तिथून स्पष्ट दिसत होता, मंच, झेंडे, सगळं. दोघांच्या डोक्यात एकदमच आलं. इंटरनेटची गरजच काय?

भोसरीत आमच्या ओळखीचा एक सीसीटीव्ही बसवणारा होता. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत बिनवायरचं नेटवर्क न्यायला तो छोट्या डिशची जोडी वापरतो, ती त्याच्याकडून उसनी आणली. एक गच्चीच्या कठड्याला बांधली, दुसरी मंचाच्या बांबूला, दोघींची तोंडं एकमेकींकडं. जोडीदारानं त्याच्या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरला सांगितलं, बाबा रे, जगाला दाखवू नकोस, सरळ या एका पत्त्यावर पाठव. माझ्या शंकूवाल्याला मी सांगितलं, या पत्त्यावरून येईल ते घे. हा विंडोजवर, तो लिनक्सवर, दोघांनी कसलीही कुरबुर न करता एकमेकांना ओळखलं. फक्त माझा प्लेअर थोडं चित्र साठवून मग दाखवत होता, सावध माणसासारखा. सेटिंगमध्ये जाऊन त्याचं ते साठवणं कमी केलं. फार कमी केलं की चित्र फाटायचं, म्हणून पुन्हा थोडं वाढवलं. शेवटी जोडीदार घाटात हात हलवायचा तेव्हा इथंही हात हललेला दिसायला लागला, आणि भोंगा आणि पडदा जवळजवळ एकत्र बोलायला लागले. मी डब्यासमोर एकटाच नाचलो.

दुसऱ्या दिवशी आबांनी सकाळीच दाढी करून घेतली, फेटा बांधायला लावला. दादानं थोरल्याला दारात आणून आबांच्या चालत्या हाताखाली त्याचं कपाळ दिलं, भंडारा लावला आणि जोडी घेऊन गेला; गाड्याची दुसरी जोडी भावकीतली, ती परस्पर घाटात येणार होती. घरात पाहुण्यांची गर्दी. माई स्वयंपाकघरात पुरण वाटत होत्या. मी डब्यासमोर बसून आवाजाची पट्टी बघत होतो. सगळं ठीक चाललं होतं. निवेदकानं आबांचं नाव घेतलं, पाहुणे जेवण टाकून घाटाकडं पळाले, पडद्यावर थोरला दिसला, आणि आबा मला म्हणाले, "खुर्ची फिरवा."

मला वाटलं, ऊन डोळ्यावर येतंय. मी जरा तिरकी केली.

"तशी न्हाई. भिताडाकडं फिरवा."

"आबा, बारी सुटायला आली."

"म्हून तर. आपल्या बैलाकडं आपुन बगायचं नसतं. दिष्ट लागती. माजा बाप घाटाकडं पाठ करून उभा ऱ्हायचा, मीबी तसाच ऱ्हातो. नुस्तं ऐकायचं."

माझं डोकंच फिरलं. डिश आणल्या, कठड्याला बांधल्या, मिलिसेकंदांशी झोंबलो, आणि हा माणूस भिंतीकडं तोंड करून बसणार. आधी सांगितलं असतं तर नुसता माइक लावला असता ना घाटात. पण वाद घालायला वेळ कुठं होता? मी दातओठ खात खुर्ची फिरवली आणि आवाज वाढवला. आबांनी डोळे मिटले, चालता हात मांडीवर घट्ट धरला.

आणि मला दारात माई दिसल्या. पुरणानं भरलेला हात तसाच वर धरलेला. आवाज वाढला म्हणून बघायला आल्या असतील. त्या आत आल्या आणि माझ्या शेजारी, पडद्याच्या अगदी जवळ उभ्या राहिल्या.

बारी सुटली. थोरला असा उसळला की मीच उठून उभा राहिलो. चार बैल, मागं उडणारा गाडा, भंडाऱ्याचा पिवळा लोट, लोकांचा ओरडा. माईंच्या तोंडून कसलासा बारीक आवाज आला.

"काय झालं? पाय अडकला का?" आबांनी भिंतीकडं बघतच विचारलं.

माई पडद्याकडं आणखी वाकल्या.

"अगं, सांग की. काय झालं?"

"गप बसा जरा," माई म्हणाल्या. "बगू द्या मला."

बैल वर पोचले आणि पडद्यावरच धापा टाकत उभे राहिले. निवेदकानं सेकंद पुकारले, चांगले होते, पण माईंचं तिकडं लक्षच नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी या घरातल्या बैलांचं शेण काढलं, वैरण घातली, दूध तापवून दिलं. यात्रेच्या दिवशी चुलीपुढून त्यांना कधी हलता आलं नाही, आणि बाया घाटात जात नाहीत म्हणून कुणी चला म्हणालंही नाही. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. तेव्हा मी फक्त त्यांचं तोंड बघत होतो, आणि मला रडायला येत होतं.

त्यांनी पदरानं डोळे पुसले, तेव्हा गालाला पुरण लागलं. मग भिंतीकडं बसलेल्या नवऱ्याला विचारलं, "दरसाल असंच पळत्यात व्हय वो ते?"

आबांनी मिटलेले डोळे उघडले.

"मला काय म्हाईत," ते म्हणाले. "मी कुठं बगितलंय कधी."

माईंनी हात लुगड्याला पुसला आणि आबांची खुर्ची पडद्याकडं फिरवली.