जगबुडीनंतरची वडाप जीप

लोणावळ्यात माझा दातांचा दवाखाना आहे. चिक्कीच्या गावात हा धंदा बुडायचा नाही, असं माझे सासरे म्हणायचे, आणि ते खरंही आहे. पण जुलै-ऑगस्टात धुकं असं उतरतं की दुखरी दाढसुद्धा घरी बसून राहते. अशाच एका रिकाम्या आठवड्यात बंगळुरूला असलेल्या मुलीने मला एक खोकं पाठवलं. आत जुन्या जीपचे प्लास्टिकचे सुटे भाग होते. जोडले की वितीपेक्षा थोडी लहान जीप तयार होणार होती. सोबत चिठ्ठी: ‘आई, तुझा हात बारीक कामाचा आहे. शिवाय तू मला दिवसातून चारदा फोन करतेस.’

जीप मी आठ दिवसांत जोडली. दातांवर टोप्या बसवणाऱ्या बाईला दरवाजे बसवणं काय अवघड? मग हुरूप आला आणि अशा छोट्या गाड्या करणाऱ्या पुण्यातल्या एका मंडळात मी नाव घातलं. त्यांचं नोव्हेंबरात प्रदर्शन होतं. यंदाचा विषय होता, जग संपल्यानंतरची वाहनं. गाडी गंजलेली, ठिगळं लावलेली, धुळीने माखलेली हवी, पण चालणारी वाटली पाहिजे.

इथे माझं घोडं अडलं. सगळं आयुष्य मी लोकांच्या तोंडातले डाग घासून काढण्यात घालवलेलं. डाग दिसला की हात आपोआप पुढे जातो. मी हिरव्या रंगावर तपकिरी ठिपके दिले आणि एकमेकांपासून सारख्या अंतरावर दिले. नवऱ्याला दाखवली, तर तो चष्मा वर करून म्हणाला, “सुंदर. परवाच शोरूममधून काढल्यासारखी वाटते.” त्याला बिचाऱ्याला कौतुकच करायचं होतं.

मंडळातल्या एकाने फोनवर मिठाची युक्ती सांगितली. आधी गंजाचा रंग द्यायचा, त्यावर ओलसर हाताने मीठ चिकटवायचं, मीठ वाळलं की वरून हिरवा रंग मारायचा आणि मग ते खरवडून काढायचं. जिथे मीठ असतं तिथे रंगाचे पोपडे निघाल्यासारखं दिसतं. त्याच्या पुण्यात मीठ वाळत असेल. आमच्याकडे ऑगस्टात बरणीतल्या मिठालाही पाणी सुटतं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर जीप एका लहानशा खाऱ्या तळ्यात उभी होती. मी ती पुसली, टपापासून खालपर्यंत गंजाचे ठिपके देऊन पुन्हा रंगवली आणि वरून चमक घालवायचं वॉर्निश फवारलं. हवेतल्या ओलीने तेही पांढरं पडलं. लोणच्यावर बुरशी यावी तसा थर.

शेवटी मी ती दवाखान्यातल्या काचेच्या कपाटात, प्लास्टरच्या जबड्यांशेजारी ठेवून दिली.

सप्टेंबरात कामशेतजवळच्या बेडशाचे एक आबा वरची कवळी करून घ्यायला आले. सत्तरी ओलांडलेले, पांढरी टोपी, शब्द मोजके. त्यांच्या तोंडात माप घ्यायचा साचा भरला आणि सांगितलं, “आबा, तीन मिनिटं हलायचं नाही, बोलायचं नाही.” एक मिनिट झालं असेल. आबांनी डोळे मोठे केले, हात वर केला आणि घशातून आवाज काढायला सुरुवात केली. मला वाटलं, श्वास अडकला. मी घाबरून साचा ओढून काढला. माप पार फुकट गेलं.

“काय झालं आबा? गुदमरलं?”

आबांनी ओठाला लागलेला गुलाबी लगदा पुसला आणि कपाटाकडे बोट केलं. “बाई, गंज चुकलाय.”

मी कपाटाकडे वळून पाहिलं. ते म्हणाले, “मी पंचवीस-एक वर्सं कामशेत ते पवना वडापची जीप चालवली, शिटा भरभरून. ही तीच गाडी. पन असा टपावर मधोमध गंज येत न्हाई. तितं पानी थांबतच न्हाई, तर गंज कुटनं येनार?”

“मग कुठे येतो?”

“सांगून कळायचं न्हाई. या ऐतवारी घरी. माझी जीप परसात उभी हाय. आधी ह्ये माप घ्या पुन्यांदा.”

रविवारी मी कामशेतला उतरून बेडशाला गेले. आबांच्या घरामागे गोठ्याला लागून ती जीप होती. चाकं कधीच गेलेली, बॉनेटवर शेणी वाळत घातलेल्या, मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. आबांची बायको पदराला हात पुसत आली आणि तिने मला आत बसायला सांगायच्या आधी विचारलं, “कदी उचलनार?”

“काय, मावशी?”

“ही जीप. तुमी न्ह्यायलाच आलाय ना?”

आबा घाईने म्हणाले, “त्या बगायला आल्यात.”

“बगायला,” मावशी म्हणाली. “बारा वर्सं मी बी बगतेच हाय.” आणि ती चहा ठेवायला गेली.

मी पिशवीतून तोंडात घालायचा लहान आरसा आणि टोकेरी सळई काढली. दुसरं काही मला वापरताच येत नाही. दाराखालच्या पट्टीत सळई घातली तर ती आरपार गेली. वरून रंग शाबूत आणि आतून सगळं पोकळ. अशा दाढा मी रोज पाहते. आबा पुढे पुढे दाखवत होते: पावसाचं पाणी टपाच्या कडेच्या पन्हाळीतून उतरतं तिथे, बॅटरीच्या खाली, ओल्या चपला ठेवून ठेवून कुजलेल्या पत्र्यात. मी आरसा फिरवत होते. तेवढ्यात गोठ्याच्या कुंपणावर पाच-सहा डोकी जमली. एक बाई दुसरीला सांगत होती, “दातांच्या डाक्टरीन हायेत. आबाच्या जीपला कवळी बसवायची हाय म्हनं.”

मला सगळ्यांत जास्त नवल वाटलं ते गंज नसलेल्या जागांचं. चालकाच्या खिडकीची कड, गिअरचा दांडा, मागे चढताना धरायची सळई. तिथला रंग पार गेलेला, पण पत्रा गुळगुळीत. आबांनी त्या चढायच्या सळईवरून तळवा फिरवला. “जितं मानसाचा हात लागतो तितं गंज धरत न्हाई. आता मात्र धरतोय जरा जरा.” त्यांनी धोतराच्या सोग्याने ती सळई पुसली आणि हात मागे बांधून उभे राहिले.

निघताना मी जीपच्या तळाचा थोडा खरा गंज खरवडून डबीत घेतला.

मग मी सगळी जीप नव्याने केली. दात कोरायच्या यंत्राने दाराखालचं प्लास्टिक आतून झिजवून वरून नुसता पापुद्रा ठेवला आणि तो टोचून फोडला. डबीतला गंज वॉर्निशमध्ये कालवून पन्हाळीखाली लावला. धूळ म्हणून प्लास्टरची भुकटी. आबा दर भेटीला कवळीऐवजी आधी जीप मागायचे. प्रदर्शनाचा विषय त्यांना मी समजावून सांगितला, तेव्हा त्यांनी बराच विचार केला. “जग बुडालं तरी मानसांना कुटंतरी जायचं असनारच की. मग टपावर कॅरेज पायजे. दुधाच्या किटल्या पायजेत. आन मागं एक शेळी.” मी शेळी केली. ती तीनदा कुत्र्यासारखी झाली, चौथ्यांदा जमली.

प्रदर्शनाला आबा नवी कवळी घालून माझ्याबरोबर पुण्याला आले. सभागृहात टेबलांवर काटे, कवट्या आणि तोफा बसवलेल्या गाड्या ओळीने मांडल्या होत्या. त्यांत आमची किटल्या आणि शेळीवाली जीप. परीक्षक भिंग घेऊन आले, बराच वेळ वाकून पाहत राहिले आणि मला म्हणाले, “गंज अप्रतिम आहे. पण हिच्यावर एकही हत्यार कसं नाही? जग संपलंय, कुणी हल्ला केला तर?”

मी काही बोलायच्या आत आबा म्हणाले, “कोन करनार? उरलीसुरली सगळी मानसं हिच्यातच बसल्यात.”

“इतकी मावतील?”

“कंपनीच्या हिशोबानं न्हाई मावायची,” आबा म्हणाले. “आमच्या हिशोबानं मावत्यात.”

परीक्षक हसले आणि वहीत काहीतरी लिहून पुढे गेले. पहिलं बक्षीस कवट्यांच्या ट्रकला मिळालं. आबांनी त्या ट्रकला दोन फेऱ्या मारल्या आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “ह्याला डिझेल कुटनं घालायचं?” मी वाकून बघितलं. खरंच, टाकीला तोंडच नव्हतं. मंडळात अजून मी हे कुणाला बोललेले नाही. आम्हाला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं. आबांनी ते घडी न घालता, छातीशी धरून आणलं.

परतताना लोकलमध्ये समोरच्या गृहस्थाने माझ्या मांडीवरच्या उघड्या खोक्यात डोकावून पाहिलं. घोरावाडीला उतरता उतरता त्याने विचारलं, “कुठं ठोकली?” आबांनी अत्यंत गंभीरपणे सांगितलं, “ठोकली न्हाई. वापरलीय.”

कामशेत जवळ आलं तशी मी खोक्याला झाकण लावलं आणि ते आबांच्या हातात दिलं. ते नको म्हणाले, पुन्हा एकदा नको म्हणाले आणि मग खोकं धरून दारापाशी जाऊन उभे राहिले. फलाटावर उतरल्यावर मागे वळले.

“बाई, हिला पावसात ठिवू का? दोन पावसाळं खाल्लं की अजून झ्याक दिसंल.”

“आबा, प्लास्टिकची आहे ती. गंजायची नाही.”

“मंग टीव्हीपाशीच ठिवतो,” ते म्हणाले. “म्हातारीला तुमीच सांगा फोन करून.”